आप्पासाहेबांची प्रतिकारशक्ती

मिरजगाव, ता. कर्जत
एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप गोरक्षनाथदादा यांना, आपल्या बहिणीचा नवरा कारभारी याचा मिरजगावहून दंडवत.

आपण, वहिनी आणि मुलं नेवाशाला खुशाल असाल. असणारच, कारण आप्पासाहेब सध्या आमच्याकडे आहेत. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, शाळेत पोरं नाहीत (ती आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी वेचतात) आणि पोरं नसलेल्या शाळेत मास्तर म्हणून बसायची मला गावासमोर लाज वाटते. एवढं सोडलं तर उत्तम चाललं आहे.

संक्रांतीनंतर आपलं पत्र आलं होतं, की आप्पांना हवापालटाची गरज आहे, चार दिवस तुमच्याकडे पाठवतो. दुष्काळात कर्जत तालुक्यात हवापालटाला माणूस धाडणारे आपण पहिलेच. हवा भरपूर आहे हे खरं. सध्या दुसरं काहीच नाही. सासरे म्हणजे वडिलांच्या ठिकाणी, तेव्हा पुढे जे लिहितो ते आदरानंच लिहिलं आहे असं समजून वाचावं. पण ट्रंक, तांब्याची लोटी, एनिमाचं भांडं आणि वाळल्या कडुलिंबाचं एक आख्खं पोतं घेऊन ते एस.टी.तून उतरले, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की हवापालट आप्पांचा नव्हे, तिकडे नेवाशाला आपला झाला आहे.

पुण्याकडच्या कुठल्याशा शिबिरातून त्यांनी जो शब्द आणला आहे तो आपण माझ्याआधी ऐकला असेल. प्रतिकारशक्ती. आमच्याकडे तो उठता-बसता येतो. (धाकटीनं परवा विचारलं, प्रतिकारशक्ती परत कधी जाणार?) ती शक्ती निसर्गतः वाढवायची म्हणजे पहाटे उठून कडुलिंबाचा काढा प्यायचा, अनवाणी चालायचं, उन्हं वर आली की लंगोट लावून शाळेच्या पटांगणात सूर्यस्नान करायचं, दुपारी पोटावर ओल्या मातीची पट्टी, संध्याकाळी मोड आलेली मटकी, गाजर, बीट. जन्मभर साखर कारखान्याचा पगार खाल्लेला हा माणूस साखरेला पांढरं विष म्हणतो. मग आमचा चहाही गेला. गाजर-बीट इथल्या बाजारानं वर्षभरात पाहिलेलं नाही. त्याचं काही नाही, पण पोटावरची माती ओली करायला पाणी लागतं. आपली बहीण (नाव भागिरथी!) टँकरच्या रांगेत भांडून घागर आणते आणि आप्पासाहेब तिच्यातलं तांब्याभर पाणी चिखल करून पोटावर थापतात. मी एकदा सुचवलं, की कोरडी माती नाही का चालणार? ते म्हणाले, तुम्ही शिकलेले असून असं बोलता!

घरात होतं तोवर मी सोसलं. पुढे त्यांना जनसेवेची हुक्की आली. आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचं काम चालू आहे. तिथं दुपारच्या सुट्टीत बायामाणसं बाभळीखाली भाकरी सोडून बसतात (अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जनावरांनीही विचार करून खावी अशी). आप्पासाहेब तिथं जाऊन व्याख्यान देऊ लागले. विषय एकच. थोडं खावं, उपवास करावा, उन्हात हिंडावं, अंगमेहनत करावी, गोड वर्ज्य करावं. सकाळपासून उन्हात दगड फोडणाऱ्या बाया हे ऐकत होत्या आणि मी, वक्त्यांचा जावई, जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. जमीन खडकाळ, तीही आत घेईना. शेवटी साळूबाई म्हणून एक आहे, सगळ्या बायकांची पुढारी, ती अगदी मायेनं म्हणाली, “बाबा, थोडं खायचं आमाला जमतंय बगा. पर ते थोडं सरलं, की मंग काय खावं?”

आप्पासाहेबांनी तिला दीर्घ श्वसन करायला सांगितलं.

आता, माणूस उपदेशातलं सोयीचं तेवढं उचलतो. आप्पासाहेबांचं आणखी एक वचन होतं, की शरीरात सुई खुपसणं हा निसर्गाचा अपमान आहे, आणि ज्याची प्रतिकारशक्ती जागी त्याला पटकी शिवत नाही. बायांनी बाकी सगळं वाऱ्यावर सोडलं आणि हे मात्र गाठीला बांधलं. कारण सरळ आहे. लस टोचली की दंड सुजतो, ताप भरतो, दुसऱ्या दिवशी घण उचलत नाही आणि हजेरी बुडते. टोचून घ्यायचं नाही हे त्यांचं ठरलेलंच होतं. नाही म्हणताना पुढे करायला एक शहाणा माणूस हवा होता, तो आपण एस.टी.नं पाठवलात.

त्यातच शेजारच्या वस्तीवर विहिरीचं पाणी पिऊन दोन माणसं पटकीनं गेली. लगोलग लशीच्या पेट्या घेऊन डॉक्टर तलावावर आले आणि नावं लिहायला मला बसवलं. पहिलंच नाव पुकारलं तर साळूबाई हात पदराखाली घेऊन उभी राहिली. म्हणाली, “मास्तरांचं सासरं न्हाई म्हन्त्यात. आमी न्हाई टोचून घेनार.” तिच्यामागे सगळी रांग बसकण मारून बसली. डॉक्टर तरुण, रात्रभर जागलेले, त्यांचं डोकं फिरलं. टोचून घेणार नाही त्याला कामावर घेऊ नका, असं त्यांनी मुकादमाला फर्मावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, कोण हो तुमचे हे सासरे? दादा, त्या क्षणी सासरे नाकारता आले असते तर मी नाकारले असते. पण पटकी आली तर ह्याच बायांची पोरं जाणार आणि काम बंद झालं तर त्यांच्याच चुली विझणार, हे दिसत होतं. मला आप्पासाहेबांचा राग आला, खरा राग आला, आणि मी तडक घरी आलो.

आप्पासाहेबांना बातमी आधीच लागली होती. ते घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि खुणेनं सांगत होते, की आज मौन आहे. मी बायांची, पोरांची, सगळी हकीकत सांगितली. मौन ढळेना. तेवढ्यात भागिरथी चुलीपुढून उठून आली. “आप्पा, ह्यांना काय माहीत न्हाई, पर मला माहीत हाय. आमाला देवी टोचायला मानूस आला की तुमी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायचा. आई आमाला धरायची आन् आमी तुमाला हुडकायचो.” आप्पासाहेबांनी घोंगडी बाजूला केली. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. एवढं शिबिर, एवढा लिंब, एवढी माती, आणि मुळाशी काय, तर बोटभर सुई!

भागिरथीनं त्यांचा हात धरला आणि बाजाराला पोर नेतात तसं त्यांना तलावावर नेलं. तिथं पोचताच त्यांनी वेळ काढायला भाषण सुरू केलं. निसर्ग आणि विज्ञान यांचा समन्वय, वगैरे. साळूबाईनं गुमान त्यांची बाही वर सारली, त्यांची हनुवटी पलीकडे वळवली आणि म्हणाली, “तकडं बगा बाबा, बाभळीवर कावळा.” म्हातारा खरोखरच बघू लागला. डॉक्टरांनी सुई घातली. आप्पासाहेब मटकन मातीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादा, एवढी माणसं होती, पण कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्यासाठीच गेलो होतो. साळूबाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, “झालं की बाबा,” म्हणाली आणि स्वतःचा दंड डॉक्टरांपुढे केला. मागे रांग लागली. मुकादमानंही, सहादू त्याचं नाव, डॉक्टरांच्या देखत कबूल केलं, की ताप येईल त्याची हजेरी मांडीन.

रात्री आप्पासाहेबांना सणकून ताप भरला. दुसऱ्या दिवशी साळूबाई आणि आणखी दोघी, स्वतःचे दंड सुजलेले, त्यांना बघायला आल्या आणि त्यांनी कामावर मिळणारी आपल्या वाट्याची सुकडी आणली. गूळ घातलेली, गोड. आप्पासाहेबांनी ती सगळी खाल्ली.

आता आपल्याला वाटेल, माणूस निवळला. छे! ताप उतरताच त्यांनी सांगायला सुरुवात केली, की लस मला इतकी छान लागू पडली ती केवळ कडुलिंबाच्या काढ्यामुळे. सध्या लंगोट लावून, बाही नसल्यानं सोयीचंच, ते येईल त्याला दंडावरचा वण दाखवतात आणि व्याख्यान देतात: निसर्ग आधी, सुई नंतर, पण सुई हवीच. बाया ऐकतात. डॉक्टर तर त्यांना पुढच्या गावी घेऊन जायचं म्हणतात.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा (साखरेचा नव्हे). आपला लोभ आहेच. तो पुन्हा एस.टी.नं मात्र पाठवू नये.

आपला,
कारभारी

ता. क. : आप्पासाहेबांना न्यायला यायची घाई करू नये. भागिरथी सोडणार नाही. मलाही आता लिंबाशिवाय पोट साफ होत नाही.

ता. क. दुसरा : खरं काम सांगायचं राहिलं. त्या दिवशी नावं लिहिण्याच्या गडबडीत माझी स्वतःची लस राहून गेली. आता शिक्षकांनाही टोचून घेण्याचा हुकूम आला आहे. भीतीचा प्रश्न नाही; माझा दंड फळ्यावर लिहिण्याचा, तो सुजून चालणार नाही. आपण तिकडे डॉक्टरांकडे कंपाउंडर आहात. तेव्हा मला मागेच नेवाशाला लस टोचली आहे, असा त्यांच्या सहीचा एक दाखला उलट टपाली पाठवावा. भागिरथीला कळू देऊ नये.

दादास भागिरथीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं होतं. दाखला पाठवू नकोस. बुधवारी टोचणारे शाळेत येणार आहेत. यांचा एक हात मी धरणार, दुसरा आप्पा धरतो म्हणालेत. फक्त टोचताना आप्पा डोळे मिटून घेणार आहेत.