दहापैकी सहा

प्रिय लारिसा,

तुझ्या बापाने पत्र लिहिलंय म्हटल्यावर आधी तुला वाटेल की आजीला काही झालं. आजी ठणठणीत आहे. डबाभर पेरोही, म्हणजे त्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, पाठवल्यात तिने, कांदा नेहमीसारखाच अती. फोनवर बोलता आलं असतं. मंगळवारी तू फोन केलास तेव्हा संधी होतीच, ती मी हसण्यावारी नेली. म्हणून कागद. आइस हॉकीच्या रिंकवर, स्केटना धार लावायच्या खोलीत बसलोय. बाहेर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र गोल गोल फिरतंय आणि अर्ध्या तासात माझ्या संघातली पोरं सरावाला येतील. ही तिसरी सुरुवात. मधे दोनदा उठून, गरज नसलेल्या स्केटला धार लावून आलो.

गेल्या शनिवारचा तुझा सामना मी इथे कॉम्प्युटरवर पाहिला. दुसऱ्या सत्रात कोपऱ्यात समोरच्या संघातल्या त्या उंच पोरीने तुला मागून रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं. तू लगेच उठलीस. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तू स्टिक उचललीस आणि सरळ जाऊन समोरच्या संघाच्या बेंचपाशी उभी राहिलीस. त्यांच्यातली एक ओरडली, "ये ये, आमच्याकडे जागा आहे." तू खांदे उडवलेस, मुद्दाम केल्यासारखा त्यांना हात हलवलास आणि वळलीस. समालोचकाला हसू आवरेना. तुझ्या संघातल्या मुलीही हसल्या. मी हसलो नाही, कारण तो हात हलवणं मला ओळखीचं होतं. डोकं आपटल्यावर आपलं बेंच कुठलं तेच कळेनासं झालं, की ते झाकायला मी स्वतः तसं तीनदा केलंय. एकदा तर समोरच्यांच्या पाण्याच्या बाटलीतून पाणीही प्यालो होतो, लोकांना वाटलं, हा ओरेस्ट काय वल्ली आहे.

मंगळवारी तुझा फोन आला. "तातो, डोक्याच्या चाचणीत पास झाले. आमच्या संघाच्या डॉक्टर प्रॅट म्हणाल्या, डोक्यावर आपटून माझी अक्कल वाढली, हंगामाच्या सुरुवातीच्या चाचणीपेक्षा चांगले गुण आलेत." आणि मग आपण दोघंही हसलो. या शनिवारी देशाच्या संघाची निवड करणारे तुझा खेळ बघायला येणार, तू सहा वर्षं त्या दिवसासाठी पहाटे उठतेस, हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "शाब्बास, पोरी." फोन ठेवला आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. काल सरावात शिट्टी वाजवायची विसरलो, पोरं आपली फेऱ्या मारतच राहिली. आमचा कप्तान शेवटी धापा टाकत म्हणाला, "कोच, आम्हाला मारायचंच असेल तर जरा जवळून मारा."

आता ड्वेनबद्दल. ड्वेन पेल्की म्हणजे माझा पहिल्या वर्षीचा खोलीतला जोडीदार. तू त्याला भेटलीयस, तुझ्या पाचव्या वाढदिवसाला केकवर बसलेला तो. सोळाव्या वर्षी मी घर सोडलं, दुसऱ्यांच्या घरी राहून, दुसऱ्यांच्या आईच्या हातचं खाऊन खेळलो. विसाव्या वर्षी व्यावसायिक झालो तेव्हा मला खेळाचं सगळं कळतं असं वाटायचं. ड्वेनने पहिल्याच आठवड्यात माझी अक्कल काढली. हंगामाच्या आधी ती चाचणी असते ना, दहा शब्द ऐकायचे, मग थांबून परत सांगायचे, चौकोन दिसला की बटण दाबायचं, त्या चाचणीला जाण्यापूर्वी तो दाढी करता करता म्हणाला, "आज शहाणपणा दाखवू नकोस. दहापैकी सहाच सांग. बटण जरा उशिरा दाब. आज मठ्ठ ठरलास तर जानेवारीत डोकं आपटल्यावरही तेवढाच मठ्ठ दिसशील, आणि कुणी तुला खेळाबाहेर बसवणार नाही." केवढा हुशार माणूस, असं वाटलं मला. तेरा वर्षं मी सहाच सांगितले. चार संघ, हजारो मैल बसप्रवास, आणि मोठ्या लीगमधले एक्केचाळीस सामने. त्यातले दोन गोल, एक माझ्या ढुंगणाला लागून गेलेला. तरी ते एक्केचाळीस मला त्या सहा शब्दांमुळेच मिळाले असं मी मानत आलो. जागा सोडली की ती दुसऱ्याची होते, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि तुला मी काय शिकवलं? स्टिक कशी धरायची ते आजोबांनी. बर्फावर पडायचं कसं, ते तुझं तू. मी शिकवलं ते एवढंच. तू सोळाची होतीस, पहिल्या शिबिराला तुला सोडायला निघालो होतो, पिकअपमध्ये हीटर चालत नव्हता आणि तू माझा कोट पायांवर घेऊन बसली होतीस. मी ड्वेनचेच शब्द वापरले. तू म्हणालीस, "म्हणजे खोटं बोलायचं?" मी म्हणालो, "खोटं कुठे, थोडं कमी खरं." तू हसलीस आणि रस्ताभर दहा शब्दांतले कुठले चार गाळायचे याचा सराव केलास. मला तुझा फार अभिमान वाटला होता. बाप म्हणून एखादी कामाची गोष्ट देतोय, असं वाटलं होतं. माझ्यासारख्या माणसाकडे पोरीला द्यायला दुसरं होतं तरी काय.

पोरं आली, सराव झाला, परत बसलोय. वरचं वाचून काढलं, नाहीतर कुठवर आलो होतो ते सापडलं नसतं. हे आता नेहमीचंच झालंय आणि तेच तुला सांगायचं टाळत होतो. सामन्याआधी फळ्यावर काय लिहायचं ते मी हातावर लिहून नेतो. ऑक्टोबरमध्ये कप्तानाला मी ड्वेन म्हणून हाक मारली, पोरांनी महिनाभर त्याला ड्वेन म्हणून छळलं, मीही विनोद केल्यासारखं दाखवलं. सोंगाची सवय जुनी आहे. मग आमच्या संघाची उपचार बघणारी जोसेट म्हणाली, "कोच, पोरं चाचणीत मुद्दाम चुकतात, मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही आधी सगळ्यांसमोर खरी देऊन दाखवा." मला मोठी मौज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण जीव लावून ती चाचणी दिली. डोळे मिटले, ओठांनी शब्द घोळवले. दहापैकी पाच आले. सोंग करून सहा काढायचो ना, लारिसा. खरं खेळून पाच. जोसेटने कागद उलटा ठेवला. पोरांना वाटलं, कोच मस्करी करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी शहरात जाऊन डॉक्टरांना दाखवलं. जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं, तुझ्या आईला माहीत आहे, तिच्याकडून ऐक. मार्चनंतर मी संघ सोडतोय. कोचाचं काम मला खेळण्यापेक्षा जास्त आवडलं, हे कुणाला सांगितलं नव्हतं. एखाद्या पोराला चुकीच्या वेळी पुढे धावायची खोड असते, दोन वर्षं डोकं फोडल्यावर एक दिवस तो थांबतो आणि पास येऊ देतो, ते बघायला मी अजून वीस वर्षं त्या गारठ्यात उभा राहिलो असतो. आता नाही. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण हे पत्र त्यासाठी नाही.

आज सकाळी मी डॉक्टर प्रॅटना फोन केला. तुझे पहिले गुण खोटे आहेत, ते खोटे कसे करायचे हे मी शिकवलं आणि तू परवा पास झालीस याला काही अर्थ नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला आधी विचारलं का?" नाही विचारलं. विचारलं असतं तर तू मला पटवलं असतंस, आणि मला ते पटलंही असतं. हे पत्र पोचेल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल. निवड करणारे येऊन गेले असतील, तुझ्या जागी दुसरी कुणी खेळली असेल, आणि तू साध्या कपड्यांत वर बसून पाहिलं असशील. वर्षभर थांबावं लागेल, कदाचित ती वेळ परत येणारच नाही, आणि हे तुझ्या बापाने केलंय. माझा फोन घेऊ नकोस, नाताळला येऊ नकोस, मी समजावायला येणार नाही. फक्त एवढंच मागतो. माझ्या आजच्या वयाची होशील तेव्हा हा शनिवार तुला लख्ख आठवावा, कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं, सगळं. आणि माझ्यावरचा राग तेव्हाही तसाच असावा.

तुझाच,
तातो