खोड त्यांचे, फांद्या आमच्या

बाबा,

आधी वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने, कारण क्रम चुकलेले उत्तर तुम्ही अर्धे वाचून परत करत होता. आपल्या परसाच्या पूर्वेला, बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत मत्तीचे एक मोठे झाड होते. शाळेत तुम्ही आम्हाला त्याला ऐन म्हणायला लावत होता. घरी स्वतः मत्तीच म्हणत होता. दोन पावसाळे त्याला पान फुटले नव्हते. झाड वाळले आहे हे मी शेजाऱ्याला बांधावर उभी राहून दोनदा सांगितले, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा शिमग्याच्या आधी. दोन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि काहीही केले नाही. आषाढातल्या एका दुपारी दिग्गीकडच्या डोंगरावरून वारा उतरला, झाडाची आपल्याकडे झुकलेली मोठी फांदी मोडली आणि आपल्या स्वयंपाकघरावर आली. कौले, वासे, आढे आणि मागच्या भिंतीचा वरचा भाग गेला. मी पुढच्या खोलीत वाचत बसले होते, म्हणून आज लिहू शकते. घराचा विमा आहे. त्याच दिवशी कंपनीला कळवले, चारी बाजूंनी छायाचित्रे काढली, आणि पाहणी होईपर्यंत ढिगाऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही. इथपर्यंत माझ्याकडून एकही चूक झालेली नाही.

चुका करायला बाकीचे गाव होते. बघायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवले, की तुम्ही वाचलात हे बघा. जणू मी वाचल्यामुळे छत मोडलेच नाही. एकाने सांत्वनाच्या त्याच दमात ही फांदी सरपणाला देणार का म्हणून विचारले. नुकसानभरपाईचा कायदा मी धारवाडच्या महाविद्यालयात नोकरी संपेपर्यंत शिकवला. सजीव झाड वादळात पडले तर ती दैवी आपत्ती. झाड मेलेले आहे हे मालकाला सांगूनही त्याने ते उभे ठेवले, तर तो निष्काळजीपणा. एवढा सोपा भेद ह्या गावाला समजावून सांगताना मला पहिल्या वर्षाचे सगळ्यांत मठ्ठ विद्यार्थीसुद्धा हुशार वाटू लागले. आणि शेजाऱ्याची बायको! स्वयंपाकघर पडल्याच्या संध्याकाळपासून ती रोज तांदळाची भाकरी आणि कुळथाची आमटी आणून देते. डबा ठेवते, आत डोकावून चुकचुकते, जाते. ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्याच घरचे जेवायचे, असा प्रसंग कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेला नाही. आमटीत मीठ जास्त असते. मी ते तिला सांगितले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच होते.

बेळगावहून कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला. त्याने पडलेल्या घरात बूट न काढता प्रवेश केला आणि पडक्या भिंतीची मापे फोनच्या पडद्यावर घेतली. मला त्याच्याविषयी आदर वाटावा असे त्याने काही केले नाही. मात्र जाताना त्याने एक कागद पुढे केला आणि त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवले. "मॅडम, झाड कुणाचं, आणि ते वाळल्याचं त्याला माहीत होतं का, एवढं तुमच्या अक्षरात लिहून द्या. बाकीचं मी बघतो." ह्या प्रश्नाचा अर्थ मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होता. कंपनी मला भरपाई देईल, आणि मग माझ्या जागी उभी राहून ती शेजाऱ्याकडून वसूल करायला जाईल. माझ्या दोन ओळींवर शेजाऱ्याच्या दारात नोटीस लागेल. मला ते मान्य होते. चुकणाऱ्याने चुकीचा भार उचलावा हे तुम्हीच शिकवले. मी लेखणी उघडली.

तेवढ्यात बांध ओलांडून शेजारी आला. तुम्ही त्याला लहानपणी पाहिलेले. आता त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. आल्या आल्या त्याने पाहणीवाल्याला चहाला बोलावले, मग पडलेल्या फांदीकडे आपल्याच घरच्या म्हाताऱ्या बैलाकडे बघावे तसे बघितले. मी त्याला सरळ विचारले, की मी दोनदा सांगितले होते हे त्याला मान्य आहे का. मला वाटले होते तो नाकबूल जाईल. त्याने मोठ्या उत्साहाने कबूल केले.

"व्हय अक्का, सांगितलंत की. दोनदा. म्हणून तर मी मिरीचा वेल खाली घेऊन बांधला. वाट बघत होतो, तुमचा माणूस कधी येतोय फांद्या उतरवायला म्हणून."

मी विचारले, माझा माणूस कशाला येईल? झाड तुमचे आहे.

"खोड आमचं. फांद्या तुमच्या. मास्तरांनी आन् आमच्या आबानं ठरवलंय ते. पडलं ते काय हाय सांगा बघू? फांदीच न्हवं?"

पाहणीवाला हसला. मी हसले नाही. हा मूर्खपणा आहे असे मी म्हणाले, आणि अधिक शब्दांतही म्हणाले. खोडाला एक मालक आणि फांदीला दुसरा, असे झाड जगातल्या कोणत्याही न्यायालयात उगवत नाही. शेजारी शांतपणे ऐकून घेत होता, वर्गात न समजणारा मुलगा ऐकतो तसा. नंतर म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या, अक्का. पण मास्तरांच्या वळणावर गेलात म्हणून आमाला बरं वाटलं व्हतं. तेबी आधी सांगूनच कोयता लावायचे." पाहणीवाल्याने घड्याळ पाहिले आणि सोमवारपर्यंत कागद पाठवा म्हणून निघून गेला. चहा मात्र शेजाऱ्याकडे प्यायला.

ते गेल्यावर मी खोडाजवळ गेले. मिरीचा वेल खरोखरच खाली उतरवलेला होता आणि काथ्याने खोडाला आवळून, गाठी एका ओळीत ठेवून, बांधलेला होता. हा बांधलेला वेल मी शिमग्यापासून खिडकीतून पाहत होते आणि मेलेल्या झाडाला जिवंत वेल बांधणाऱ्या माणसाच्या बुद्धीची मला कीव येत होती.

बाबा, तो करार मला आठवतो. माघ महिना आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यांच्या पायाखाली घालायला पाला हवा आहे. इथे त्याला सगळे सोप्पू म्हणतात, तुम्ही पाला म्हणायला लावता. तुम्ही आणि शेजाऱ्याचा बाप बांधावर उकिडवे बसला आहात. खोड आणि त्यावरची मिरी त्यांची, आपल्याकडे झुकलेल्या फांद्या आणि पाला आपला. मात्र कोयता लावण्याआधी सांगायचे, म्हणजे ते वेल सोडवून बांधून ठेवतील. पान खाऊन झाले, करार झाला. मी तुम्हाला विचारते, लिहून का घेतले नाही? तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहता, की मी काहीतरी ओंगळ बोलले आहे. "शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचं नसतं," तुम्ही म्हणता. आणि त्याच आठवड्यात त्याच तोंडाने वर्गात, मी उभी राहून बिनचूक उत्तर दिलेले असताना, म्हणता, "तोंडी उत्तराला गुण नाहीत. खाली बस आणि लिहून दाखव." मी तुमची मुलगी आहे ह्याची त्या वर्गात कोणाला शंकाही आली नसती. तुमचा हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या गळी उतरवला. तो तुम्ही फक्त आमच्यासाठी केला होता, हे मला आता, मोडक्या स्वयंपाकघरात उभी असताना कळावे, ही शिक्षकाची शोभा नव्हे. ज्याने शब्दन्शब्द लिहून घेण्याची शिस्त लावली, त्याने घरादारावर उभे असलेले एक अख्खे झाड दोन विड्यांच्या भरवशावर सोडावे? तुमच्यापेक्षा तो पाहणीवाला बरा. तो निदान कागद तरी मागतो.

त्या रकान्यात मी पहिल्यांदा लिहिले: झाड शेजाऱ्याचे, मालकाला पूर्वकल्पना दिलेली होती. कायद्याने ह्यात एक शब्द खोटा नाही. मी ते वाचले आणि खोडले. मग लिहिले: खोड शेजाऱ्याचे, फांद्या माझ्या, फांद्या उतरवणार असल्याची पूर्वकल्पना मी त्याला दिली होती आणि उतरवल्या नाहीत. मी लिहिलेल्या विधानांत ह्याहून गबाळे विधान दुसरे नाही. ते वाचून कंपनीतला कोणीतरी पोट धरून हसेल, मग माझ्याच निष्काळजीपणावर बोट ठेवेल आणि माझी भरपाई अडकवून ठेवेल. कागद उद्या रामनगरहून जाईल. छत होईपर्यंत आमटी तशीच खारट येत राहील असे दिसते.

हे पत्र मात्र कुठेही जाणार नाही. तरीही त्यात एक गोष्ट अपुरी ठेवता येत नाही. वेल बांधण्याचा तो रिवाज मला ठाऊक नव्हता, असेही मी त्या वेळी शेजाऱ्याला म्हणाले, आणि ते खोटे होते. दर माघात बांधावर जाऊन निरोप देण्याचे काम तुम्ही माझ्याकडे दिले होते. मी परकर सावरत जात असे आणि त्याच्या बापाला सांगत असे, आणि तो मान डोलवत असे, अगदी तशीच.

कंपनी ह्या कराराचा पुरावा मागेल. करार करणाऱ्यांपैकी एकही आज हयात नाही. तरी तो कोणत्या अटींवर झाला, फांदी पडल्यास भार कोणी उचलायचा असे ठरले होते, आणि हे मला कधी सांगायचा तुमचा विचार होता, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या अक्षरात, क्रमाने, लेखी पाठवावीत. तोंडी उत्तराला गुण नाहीत.