मिलादामावशींचे कान परत करण्याबाबत

मी, मिरोस्लाव फेदोर्को, वय सव्वीस, मूळचा पूर्व स्लोव्हाकियातला, सध्या चेक देशातल्या ल्होटा इथल्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या कारखान्यात, रेकॉर्ड दाबून काढणाऱ्या प्रेसवर कामाला, हे माझ्या हाताने लिहितो. उद्या दहा वाजता माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

१. बँकेत जे असेल ते आईचं. तिने घराचं छप्पर करावं, माझ्यासाठी संगमरवर घेऊ नये.

२. मोटरसायकल धाकट्या यानोला. पुढचा ब्रेक बदलल्याशिवाय त्याने बसू नये.

३. मुकादम होलूब यांना काही नाही, पण त्यांच्यावरचा राग मागे घेतो. आठवीत शाळा सोडून, लाकडाची वखार, बटाट्याची शेतं, सर्कशीचा तंबू करत मी इथे आलो, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पायाला भिंगरी असलेल्याच्या हाती जाड रेकॉर्ड देऊ नये." तीन वर्षं मी ते मनात धरलं. ते खरं तेच बोलले होते.

४. मिलादा झारुबोवा, ज्यांना कारखाना मावशी म्हणतो, त्यांच्याबद्दल.

मावशी अडतीस वर्षं ऐकण्याच्या खोलीत होत्या. प्रेसवरची दर पंचविसावी रेकॉर्ड त्यांच्याकडे जायची. त्यांची चिठ्ठी लागल्याशिवाय पेटी बांधायची नाही, हा नियम. गेल्या वर्षी रशियन वाद्यवृंदाचा चार जाड रेकॉर्डींचा संच पुन्हा काढायचा होता. जुन्या मूळ टेपवरून, काहीही साफसूफ न करता, दर्दी लोकांसाठी. होलूब म्हणाले, रणगाडेवाल्यांचं संगीत आहे, ढोल ऐकू आले की पास करा. अडुसष्ट साली रशियन रणगाडे देशात घुसले, त्यानंतर मावशींच्या वडिलांनी घरात रशियन शब्द येऊ दिला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "रणगाडा वाजवत नव्हता, होलूब. माणूस वाजवत होता."

मग त्यांनी मला खोलीत बोलावून तिसरी बाजू ऐकवली. सगळी वाद्यं थांबतात, एकटं क्लॅरिनेट येतं, आणि त्याच्या आधी वाजवणारा श्वास घेतो. तो श्वास ऐकू आला तर रेकॉर्ड चांगली. मला तो ऐकू आला. आयुष्यात कुणी मला इतक्या निगुतीने काही शिकवलं नव्हतं.

सप्टेंबरातला शुक्रवार होता. तीन दिवसांचा पाऊस उघडला होता आणि जंगलात अळंबी आली होती. अर्धा कारखाना टोपल्या घेऊनच कामावर आला होता. दोनची बस चुकली असती तर चांगली अळंबी दुसऱ्यांनी नेली असती. जाड रेकॉर्ड प्रेसमध्ये पुरती थंड होऊ द्यावी लागते. मी दुपारी प्रत्येकीचे अकरा सेकंद कापले. घाईच्या रेकॉर्डी शांत जागी सुरसुरतात, हे मला माहीत होतं. म्हणून मावशींकडे पाठवायच्या सगळ्या रेकॉर्डी मी सकाळच्या थप्पीतून काढल्या.

त्यांनी एकेक ऐकली आणि चिठ्ठ्या दिल्या. संध्याकाळी मी त्यांना अर्धी टोपली अळंबी नेऊन दिली. त्यांनी ती पिठात घोळवून तळली आणि मलाच आधी वाढली. मी दोनदा मागून खाल्ली.

डिसेंबरात गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या पेट्यांचा ढीग लागला. कारखान्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर एक रेकॉर्ड लावली. सुरसुरीत श्वास बुडून गेला होता. मावशींनी सुई उचलली. "हे मला तेव्हा ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "माझे कान गेले." त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मी दाराशी टोपी हातात धरून उभा होतो. बाहेर त्या मलाच म्हणाल्या, "तुझी मेहनत माझ्यामुळे वाया गेली रे, मिरो."

तेव्हापासून त्यांच्या घरचा ग्रामोफोन झाकलेला आहे. त्या संचाचा, तपासायला आधी काढतात तो कोऱ्या पांढऱ्या लेबलाचा पहिला नमुना त्यांनी मला देऊन टाकला. काल त्या इथे रुग्णालयात खसखशीचे पाव घेऊन आल्या. नर्स बाहेरून हळू काही म्हणाली, ते मावशींना ऐकू आलं, मला नाही. तरी मी त्यांना खरं सांगितलं नाही.

म्हणून तो नमुना मी मावशींना परत करतो. त्यांचे कान शाबूत आहेत. दोष माझा, एकट्याचा. साहेबांनी हे कलम कारखान्यात मोठ्याने वाचावं.

५. इथवर लिहून मी शेजारच्या खाटेवरच्या काद्लेत्सकाकांना साक्षीला सही मागितली. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन परत दिलं.

"हे तू मेल्यावर उघडणार?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे मार खायच्या वेळी तू घरी नाहीस. आणि उद्या वाचलास, तर हा कागद फाडशील. त्या बाईने तू मरायची वाट बघायची का?"

मी कागद पुन्हा पुढे ओढला.

तेव्हा कलम चार माझ्या मरणावर अवलंबून नाही. ते उद्यापासूनच लागू. काकांना सकाळी आठला घरी सोडणार आहेत. त्या कलमाची नक्कल आणि माझ्या खाटेजवळच्या कपाटातला नमुना ते वाटेत मावशींच्या हातात देतील. दारावरच्या टपालपेटीत टाकणार नाहीत. मी भुलेत जाईन तेव्हा त्यांना कळलेलं असेल.

जगलो तर मी स्वतः त्यांच्या दारात जाईन. बेल मोठ्याने वाजवणार नाही. त्यांना ऐकू येईल. दार उघडायचं की नाही, ते त्यांचं.

सही: मिरोस्लाव फेदोर्को

आमच्यासमोर सही केली, ती आम्ही पाहिली:
बोहुमिल काद्लेत्स, निवृत्त पोस्टमन (कलम पाच वाचून मगच सही केली)
यित्का स्लामोवा, परिचारिका

जिल्हा रुग्णालय, खाट क्रमांक सात
१२ मार्च २०१९