मागे घेतलेला नवस

कासारसाई, ता. मुळशी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. देवीच्या कृपेने गुडघाही सध्या गप्प आहे. फोनवर तू "छान चाललंय आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पोस्टाने लिहिते.

मागच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी नवीन पोरं आलीत. दार लावून असतात. तुझे बाबा गेल्यापासून घरात आवाज म्हणजे मिक्सरचा, तोही बिलाच्या भीतीने मी कमीच लावते. शेजारची राजाबाई गावभर सांगते, "आमची अपेक्षा जाहिराती करती." मी हो म्हणते.

भाऊबीजेनंतर फराळ घेऊन निघाले, पण बस चुकली, असं तुला सांगितलं होतं. बस चुकली नव्हती. मी तुझ्या ऑफिसात आले होते.

दारातल्या मुलीने बसवलं, पाणी दिलं. आत भिंतीवर तू काढलेलं चित्र होतं, तुपाच्या जाहिरातीचं. चुलीपुढे बसलेली बाई. पदर खोचलेला बघून कळलं, ही तर मीच! शेजारी तू उभी होतीस. हाक मारायला उठले, तेवढ्यात तुझे सर म्हणाले, "हे काय, जत्रेचं पोस्टर? तुला नोकरीवर घेतलं तेव्हा मी बहुतेक झोपेत होतो." दुसरा म्हणाला, "सर, बाई तरी जरा बघण्यासारखी घ्यायची!" एक मुलगी पर्स उचलून निघाली, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आज हाफ डे का, मॅडम?" बाहेर तर अंधार पडला होता.

सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस, अपेक्षा. आणि ते चित्र आपल्याच हाताने उतरवलंस.

मी डबा घेऊन जिना उतरले. तुला अवघड वाटेल म्हणून परतले, असं बसमध्ये मनाला समजावत होते. खरं ते नव्हतं. तू मला ओळख दिली नाहीस तर, याची भीती वाटली. आणि ओळख न देता निघून आले ती मीच.

तू तिथे कायम झालीस की साडी नेसवीन, असा मी वाघजाईला नवस बोलले होते. आज देवळात जाऊन तो मागे घेतला. कुशाबा गुरव बघतच राहिला.

"वैनी, नवस फेडत्यात. मागं घेत्यात व्हय कुटं?"

"बोलले मी, मागेही मीच घेणार."

"आन देवी कोपली म्हंजी?"

"माझ्यावर कोपू दे."

"कौल तरी लावू?"

नको म्हटलं. फूल उजवीकडे पडतं की डावीकडे, यावर तुझं काही ठरायला नको. साडी मात्र नेसवून आले, काही न मागता.

नोकरी सोड असं मी सांगत नाही. माझ्यासाठी मात्र टिकवू नकोस. राजाबाईला काय सांगायचं ते मी बघेन. खोल्यांच्या भाड्यात दोघींचं भागतं, मांडून पाहिलंय. आकडे लिहीत नाही, तू वाद घालशील.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या ऑफिसात परत येते आहे. दारात बसणार नाही, आत येईन, सगळ्यांसमोर. माझ्याबरोबर निघायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

त्या दिवशी हाक न मारता परतलेली,
तुझी आई