मधली जागा

४ मार्च
आले! माझ्या स्वतःच्या घरात! वय सव्वीस आणि मी घरमालकीण. तिसरा मजला, एकच लांबलचक खोली, बाजूने पॅसेज. पण खरी गंमत दारांची. एका टोकाचं दार जिन्याकडे उघडतं, दुसऱ्या टोकाचं मागच्या गॅलरीत. बघितल्या बघितल्या डोक्यात प्लॅन तयार. मध्ये पार्टिशन घालायचं, अर्ध्यात मी, अर्ध्यात भाडेकरू, हप्ता आपोआप फिटतो. पाच वर्षांत दुसरं घर! आईला फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, लोक घर घेतात राहायला, तू घेतलंस कापायला.

७ मार्च
सुतारकाकांचं काम झालं. पहिल्या दिवशी मॅडम म्हणत होते, आता पोरी म्हणतात. खोली बरोबर वीस फूट. मध्ये लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी प्लाय, जाडी चार इंच. म्हणजे दोन्हीकडे नऊ फूट दहा इंच. मी वहीत लिहून घेतलं. काका म्हणाले, एवढं तर मी माझ्या लग्नातही लिहून ठेवलं नव्हतं.

१० मार्च
भाडेकरू मिळाली! नर्स आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नाइट ड्यूटी, त्यामुळे दिवसा झोपणार. तिला गॅलरीकडची बाजू दिली. मला मुद्दाम मालकीणबाई म्हणते आणि स्वतःच हसते. तिचं डिपॉझिट सगळं काकांच्या प्लायमध्ये गेलं, पण ते तिला कशाला सांगायचं.

१७ मार्च
पहिली तक्रार! खरं सांगू, ऐकून भारीच वाटलं. नर्स म्हणाली, मालकीणबाई, दुपारी कपाट सरकवत जाऊ नका हो, झोपमोड होते. मी सॉरी म्हटलं. नंतर जिना चढताना लक्षात आलं, दुपारी मी ऑफिसात असते. आणि माझ्याकडे कपाट नाही.

२१ मार्च
नर्सचं टेबल पलंग आणि पार्टिशनच्या मध्ये बसत नाहीये. गेल्या आठवड्यात बसत होतं. टेप घेऊन गेले. तिच्याकडे नऊ फूट. माझ्याकडेही नऊ. मग मधलं पार्टिशन दोन फूट जाड झालं का? मी तिला म्हटलं, नवीन लाकूड आहे, फुगतं. ती म्हणाली, एवढे तर माझे पेशंटही फुगत नाहीत.

२३ मार्च, सोमवार
काकांना बोलावलं. आधी मस्करी केली, पोरी, शाळेत गणितात किती मिळायचे? मग स्वतः मोजलं. बाहेर पॅसेजमधून वीस. आतून आठ आणि आठ. परत मोजलं. पार्टिशनवर बोटाने टकटक केली.
आतूनही टकटक झाली.
काकांनी टेप गुंडाळली. हळू आवाजात म्हणाले, त्या मुलीची खोली रिकामी कर. आजच. मी रविवारी माणसं आणून हे पाडतो.
आजच म्हणे! म्हणजे डिपॉझिट आजच परत द्यायचं. कुठून आणू? आणि रविवार काही लांब नाही. तिला काही बोलले नाही.

२५ मार्च
नर्स म्हणाली, ताई, भिंतीला डोकं टेकलं की पलीकडे कुणीतरी श्वास घेतं. तुम्ही तिथेच झोपता का? हसत नव्हती. ताई म्हणाली, मालकीणबाई नाही.
तेव्हा सांगता आलं असतं.
मी म्हटलं, हो, मीच असेन. तिचा चेहरा लगेच सैल पडला. बरं झालं विचारलं, म्हणाली.

२७ मार्च
हॉस्पिटलमधून फोन. नर्स दोन दिवस ड्यूटीवर नाही. चपला गॅलरीत, दाराबाहेर. खूप ठोठावलं. मग माझ्याकडची किल्ली लावली. तिचं दार बाहेर उघडतं, म्हणून उघडलं तरी.
समोर प्लाय. उंबरठ्याला लागून. पलंग नाही, टेबल नाही — खोलीच नाही.

२८ मार्च
काकांना फोन केला. म्हणाले, पोरी, सामान सोड, तू आधी बाहेर पड. पण ती आत आहे. माझ्यामुळे.
माझ्याकडे पाच फूट.
प्लायला कान लावला. तिचाच आवाज. रडत नाहीये. म्हणते, ताई, इथला बल्ब गेलाय.

२८, दुपारी
करवत आणली. हात जाईल एवढं भोक पडलं. आत काही दिसत नाही. तिला हाका मारल्या. सगळं सांगितलं — काका काय म्हणाले, मी काय लपवलं, डिपॉझिट — सगळं.
जिन्याचं दार माझ्या मागेच आहे. अजून उघडता येतं. जाऊ शकते मी. पण तिला टाकून —

हात आला तिचा. कोमट आहे. धरला. ओढतेय, पण ती येत नाही. तीच ओढते —

म्हणते, ताई, घाबरू नका. खूप जागा आहे इथे.

पाठ दाराला टेकली. माझं दार आत उघडतं. आता उघडायला जागाच —
गुडघ्यावर वही. डाव्या हाताने —

ती आत कुणाला तरी सांगतेय. एकट्यादुकट्याला नाही, पुष्कळ जणांना. सरका जरा. सरका की. मालकीणबाई येता