शिट्टीबाईंविरुद्ध मोहीम

३ मार्च, रविवार

संस्कृतीचा ऱ्हास नेमका कशाने सुरू होतो, यावर विद्वानांचं एकमत नाही. माझं आहे. शिट्टीने.

ग्रुपवर आज फोटो आला. जुन्या रेल्वेमार्गाचा हेरिटेज वॉक. पाण्याची टाकी, पडकी इंजिनशेड, दगडी पूल, सगळं माझंच. आणि पुढे मास्तरीणबाई, गळ्यात शिट्टी! जिथून गावाची पहिली गाडी धावली, तिथून माणसं मेंढरांसारखी हाकायची? मी इतकी वर्षं केवळ वाणीच्या बळावर वॉक चालवला. बाईंना मार्गही मीच शिकवला. यापुढे त्यांचं नाव शिट्टीबाई.

४ मार्च

माझी गच्छंती कशी झाली ते लिहून टाकतो, इतिहासाची सोय होईल. गेल्या महिन्यात कारखान्याच्या सायडिंगपाशी (तेवढाच रूळ अजून वापरात आहे) मी लोकांना पलीकडे नेत होतो. मालगाडीचं इंजिन आलं. हळू होतं. लोक उगाच किंचाळले. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉक मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे हिचा सख्खा भाऊ, घरी येऊन म्हणाला, भाऊजी, आता थोडी विश्रांती घ्या. दोनदा चहा प्यायला आणि माझा वॉक घेऊन गेला.

शठं प्रति शाठ्यम्. सूड घेणार.

७ मार्च

योजना तयार. रविवारी बाईंच्या वॉकच्याच वेळी माझा स्वतंत्र वॉक, पण उलट्या टोकाकडून. पुलावर दोन्ही वॉक समोरासमोर येणार, मी तोंड उघडणार, बाईंची माणसं माझ्याकडे. लाँड्रीत पोस्टर लावलं. लाँड्रीवाला काहीतरी म्हणाला. बहुधा शुभेच्छा.

ता. क. दाराची बेल बिघडली आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ठणठणीत आहे. अनुभव कमी.

१० मार्च, दुपारी

उपस्थिती: ही. तीसुद्धा वाटेच्या शेवटी भाजीबाजार लागतो म्हणून, पिशवी घेऊन. पुलावर दोन्ही वॉक भेटले, मी बोलू लागलो, आणि ठरल्याप्रमाणे एक माणूस खरोखरच बाजू बदलून गेलं. ही. जाताना म्हणाली, त्या बाई नीट सांगतात हो, तुम्ही नुसते अंगावर ओरडता.

ओरडत नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाचे उच्चार स्पष्ट असतात. उलट हीच हल्ली पुटपुटते. सगळेच पुटपुटतात. पिढीच्या पिढी ओठांतल्या ओठांत बोलायला लागली आहे. यावर लेख लिहायला हवा.

भाजीची पिशवी घरापर्यंत मीच आणली. फितुराची भाजी, आणि हमाल मी.

१२ मार्च

नवी योजना. शत्रूच्या गोटात शिरायचं. येत्या रविवारी बाईंच्याच वॉकला जायचं आणि टाकीपाशी असा प्रश्न टाकायचा की बोलती बंद. प्रश्न: जवळपास विहीर नाही, मग टाकीत पाणी यायचं कुठून? (हे मी बाईंना मुद्दाम शिकवलं नव्हतं. दूरदृष्टी!) आरशासमोर तालीम केली. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली म्हणे. हिने सांगितलं.

१७ मार्च, सकाळी

बुटांना पॉलिश. डोकं शांत. आज शिट्टीबाईंचा शेवटचा रविवार.

१७ मार्च, दुपारी

टाकीपाशी प्रश्न टाकला. खणखणीत. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, अहो काका, बाईंनी आत्ता तेच तर सांगितलं, नदीवरून नळ आणला होता म्हणून. मेहुणा रुमालात हसत होता. बाई हसल्या नाहीत. हाही एक कावाच.

मग ठरवलं, सायडिंग. सगळ्यांच्या आधी पोचायचं, रुळापलीकडे उभं राहायचं आणि खरा इतिहास आपणच सुरू करायचा. तरातरा निघालो. मागे पाहिलं नाही. विजेत्याने पाहू नये.

कोणीतरी मागून कॉलर धरून असं खेचलं की वरचं बटण उडालं. बाईच! हात उगारण्यापर्यंत मजल? दोन शब्द सुनावायला वळलो, तोच पाठीवर गरम वारा आला. इंजिन.

बाईंचा चेहरा लालबुंद, शिट्टी अजून दातांत. बाकी सगळे लांब मागे, जागच्या जागी थांबलेले. मेहुणा हसत नव्हता. बाईंनी खडीत वाकून बटण शोधलं आणि माझ्या हातात ठेवलं.

१७ मार्च, संध्याकाळी

ही समोर बसून बटण लावते आहे. मान खाली घालून काहीतरी विचारलं. मी हो म्हणालो. काय विचारलं, ठाऊक नाही.

शिट्टी मला ऐकू आली नाही. इंजिनाचा भोंगाही नाही.

गेल्या महिन्यातही नव्हता आला. तेव्हा माझ्या पाठोपाठ रुळावर पहिलं पाऊल हिने टाकलं होतं.