न्हाणीघरांचं भाषण

कुम हेली, वेल्स
८ मार्च १९३४

प्रिय एम्लिन,

इकडे सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? खाणीची धूळ कमी पडली म्हणून लंडनचं धुकंही छातीत भरतोयस, धन्य आहे तुझी!

पार्लमेंटातलं तुझं भाषण पेपरात आलं. प्रत्येक खाणीवर न्हाणीघर बांधा, गड्यांच्या अंघोळीचं पाणी उचलून आमच्या बायकांचं कंबरडं मोडतं, असं म्हणालास ना? शेजारची मायर वाचून रडलीच. हंडा उचलतानाच चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं पोर गेलं होतं. ते तू विसरला नाहीस, याचंच तिला केवढं वाटलं. गल्लीत सध्या माझा तोरा विचारू नकोस.

पण काय रे, मला विचारलंस?

इतकी वर्षं चुलीपुढच्या टबात तुझी पाठ मी घासली. सासूबाई ओरडायच्या, "पाठ धुऊ नकोस गं, गडी कमजोर होतो!" तू म्हणायचास, "आई, तू भिंतीकडे बघ." आता खासदारसाहेब शनिवारी येतात ते कॉलर लावून, स्वच्छ, परक्यासारखे. पुढच्या खोलीत गाऱ्हाणी घेऊन माणसं बसतात, मी चहा करत राहते, आणि रविवारी गाडी तुला घेऊन जाते.

मंगळवारी खाणीची पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि मी खुळ्यासारखी पाणी तापवून टबात ओतून बसले. तेवढ्यात युनियनचा टॉम प्रीस दारात.

"हानाबाई, कोणाला न्हाऊ घालतेस?"

म्हटलं, "ब्लँकेटं भिजवतेय."

तो हसला नाही. टोपी काढून म्हणाला, "एम्लिन पुन्हा निवडणुकीला उभा राहील ना? तो म्हणतो, हाना म्हणेल तसं."

माझ्याच गळ्यात घातलंस होय रे सगळं?

नाही म्हणायचं होतं मला. अगदी ओठावर आलं होतं. पण भिंतीपलीकडे मायर टब ओढत होती, आणि पुन्हा दिवस गेलेत तिला. मी "हो" म्हणाले.

आता खरं सांगते. मला तू हवा आहेस. काळा, दमलेला, चिडका, कसाही, पण रोज. आजवर माझा शब्द तू कधी खाली पडू दिला नाहीस. या खेपेला पडू दे. शनिवारी ये आणि टॉमला सांग, मी उभा राहत नाही, हानाला काय कळतंय!

गाव हसेल. हसू दे.

तुझी, रोजची,
हाना